सातवा व्हिडिओ

ह्यांच्या काळजात स्प्रिंग बसवली त्याला
चैत्रात वर्ष होईल.
सोडताना सिस्टरनं ह्यांचा फोन मागून घेतला,
त्यात काहीतरी घातलं, म्हणाली,
रोज सकाळी सातला वाजेल, काका. ऐकायचं.

शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरलेला माणूस.
पहिला व्हिडिओ अर्धा बघून म्हणाले,
"ही मला व्हॉल्व्ह शिकवणार?
असले हजार ओतलेत मी.
रनर तुंबला की कास्टिंग गेलं, एवढंच की."
आणि फोन मिठाच्या बरणीला टेकवून
आंघोळीला गेले.

तेव्हापासून फोन तिथंच.
सातला माझी भाकरी तव्यावर, हात पिठात,
बंद कोण करणार?
ती पोरगी बोलत राहते, शुद्ध, सावकाश.
मी सांगते, मी दाखवते, म्हणते.
मी ऐकतो.

आम्ही यादवनगरच्या बायका,
मी येतो, मी जातो, असंच म्हणतो.
नाशिकची सून नवीन आली तेव्हा
हसून हसून भिंतीला टेकली होती.

दुसरा व्हिडिओ मिठाचा.
लोणचं, पापड, खर्डा, एकेकाचं नाव घेऊन.
त्या रात्री आमटीत अर्धाच चमचा.
"अळणी झालीय."
"गोळ्यांनी तोंडाची चव गेलीय तुमच्या," मी म्हणालो.

चौथा पावलांचा. दिवसाला सहा हजार.
हे फोन घेऊन निघाले,
चहाच्या गाड्यापर्यंत.
तिथं नातवाच्या खिशात तो सरकवला.
पोरगं लगोरी खेळून आलं
तोवर आकडा अकरा हजार.
रात्री सिस्टरचा मेसेज,
शाब्बास रंगरावकाका, आणि पुढं अंगठा.
मला त्यातला अंगठा तेवढा वाचता येतो.

गोळ्यांचे दोन झाले.
बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, म्हणाली.
मी कपाटाच्या दारावर खडूनं रेघा मारत गेलो,
सकाळची आडवी, रात्रीची उभी.

सातव्याला पीठ मळत होतो.
ती म्हणाली, बाईचं दुखणं कधीकधी वेगळं बोलतं.
छाती धरून कोसळायलाच पाहिजे असं नाही.
जबडा भरून येतो.
दोन्ही खवाट्यांच्या मधे ओढ लागते.
जिना चढला की दम, मळमळ, घाम.
बायका म्हणतात पित्त झालंय,
आणि जिरं चावून पडून राहतात.

माझ्या तोंडात जिरं होतं.

मागं कसं न्यायचं माहीत नव्हतं.
पिठाचं बोट काचेवर कुठंतरी दाबलं.
ती पहिल्यापासून सुरू झाली,
नमस्कार.
भाकरी करपली.

हे टॉवेल गुंडाळून आले. "काय जळालं?"
"मला दवाखान्यात न्या."
"कुणाला?"
"मला."
"पित्त असंल."
"असंल. दाखवून येतो."

रिक्षात ह्यांनी माझा हात धरला नाही,
रिक्षाचा दांडा धरला, दोन्ही हातांनी.
कागदावर लिहिणारीनं विचारलं, कधीपासून?
दिवाळीपासून, मी म्हणालो.
हे माझ्याकडं बघायला लागले.
आधी बोलला का नाही, आजी?
काय सांगू तिला?
आयुष्यभर बोलणं पुरुषासारखं केलं,
दुखणं तेवढं बाईचं निघालं,
आणि त्याची भाषा
मला काल-परवा एका बरणीशेजारी कळली.

आज चौथा दिवस.
छातीला वायरी आहेत, जेवण अळणी आहे,
ते मी कुणाला बोलून दाखवत नाही.
सव्वासातला पोराच्या फोनवर हे.
"मीठ कुठं ठेवलंयस?"
"तुमच्या फोनच्या मागं. अर्धाच चमचा."
मग बराच वेळ तव्याचा आवाज.
"आठवा ऐकला," म्हणाले.
"काय म्हणाली?"
"थांब. अजून एकदा ऐकतो."